तरवड, सोनामुखी आणि पर्णरंध्रांचे शास्त्र

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा जुना रस्ता नळदुर्गच्या किल्ल्यावरून उमरग्यास येतो आणि तेथून पुढे कर्नाटकाच्या हद्दीत शिरतो. या साऱ्या वाटेवर मुलूख बदलल्याची खूण जमिनीच्या अंगी कोठेही आढळत नाही. तेच काळ्या पाषाणाचे पठार, तीच ज्वारीची आणि तुरीची शेते, बांधावर त्याच बाभळी व बोरी, आणि जेथे दुसरे काही फारसे तग धरीत नाही अशा माळावर पिवळ्या फुलांनी बहरलेला तोच तरवड. तथापि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा आपला विस्तृत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, तेव्हा सोलापूर जिल्ह्याची झाडेझुडपे त्यात दाखल झाली आणि शिवेपलीकडच्या उमरगा तालुक्याची राहून गेली, कारण तेथून निजामाचा अंमल सुरू होत असे.

१८५३ च्या तहान्वये नळदुर्ग व धाराशिवकडील हा प्रांत काही वर्षे इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला होता आणि मेडोज टेलर यांनी नळदुर्गास राहून त्याचा कारभार पाहिला होता. १८६० मध्ये तो निजामास परत मिळाला. तो परत गेला नसता तर कुकसाहेबांच्या ग्रंथाची हद्द कदाचित आणखी काही कोस पूर्वेस सरकली असती, असे म्हणण्याचा मोह होतो. हैदराबाद संस्थानाने स्वतःकडून या बाबतीत काहीच केले नाही असे मात्र नव्हे. पार्ट्रिज यांनी १९११ मध्ये संस्थानच्या अरण्यातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९३० च्या दशकात उस्मानिया विद्यापीठाच्या सईदुद्दीन यांनी संस्थानातील नेहमी आढळणाऱ्या सपुष्प वनस्पतींची नोंद केली. परंतु अरण्यखात्याची दृष्टी स्वाभाविकपणेच जेथे सागवान आहे अशा मुलखाकडे असे, आणि उमरग्यासारख्या उघड्या, अवर्षणप्रवण तालुक्यातील तण, गवत व झुडपे यांची खातरजमा करण्यास कोणी सवड काढली नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, दहा वर्षांनी, म्हणजे २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक वि. ना. नाईक यांचा, उमरगा ज्यात येतो त्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ मध्ये बाहेर आला. जिल्ह्याच्या वनश्रीची साद्यंत नोंद होण्यास कुकच्या ग्रंथानंतर सत्तर वर्षे लागली, ही गोष्ट मराठवाड्याच्या विद्येच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे. तसेच ती नोंद झाल्यावर नाईक तेथेच थांबले नाहीत आणि १९९८ मध्ये समग्र मराठवाड्याचा ग्रंथ त्यांच्याकडून पूर्ण झाला, हेही तितक्याच आदराने सांगितले पाहिजे.

अशा नोंदीचा सारा आधार फुलावर असतो. लिनीयसच्या काळापासून वनस्पतीची जात ठरवावयाची म्हणजे पाकळ्या, पुंकेसर, किंजमंडल आणि फळ यांची तपासणी करावयाची, हा दंडक चालत आला आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु उमरग्यासारख्या मुलखात बऱ्याच वनस्पतींची फुले पावसाळ्याच्या अखेरीस थोडे दिवस दिसतात आणि उरलेल्या काळात अभ्यासकाच्या हाती येते ते केवळ पान. वैद्याच्या, गांध्याच्या किंवा औषधांच्या कारखानदाराच्या हाती तर तेही धड येत नाही, त्याचा चुरा अथवा पूड येते. अशा वेळी जे फुलावाचून, किंबहुना अख्ख्या पानावाचूनही, वनस्पतीची ओळख पटवील असे एखादे लक्षण पानाच्या त्वचेतच सापडेल काय, हा प्रश्न उद्भवतो, आणि पर्णरंध्रांच्या अभ्यासाचा उगम पुष्कळ अंशी या व्यावहारिक निकडीत आहे.

पानाच्या दोन्ही पृष्ठांवर अपित्वचेचा जो पातळ पापुद्रा असतो त्यात जागोजाग सूक्ष्म छिद्रे, म्हणजेच पर्णरंध्रे, असतात. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंस दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की छिद्र उघडते आणि पाणी ओसरले की मिटते. याच छिद्रांतून वनस्पती कर्बवायू आत घेते व पाण्याची वाफ बाहेर टाकते, म्हणजे अन्न मिळविणे आणि पाणी गमावणे हे दोन्ही व्यवहार एकाच दारातून होतात, आणि कोरडवाहू मुलखात त्या दाराची उघडझाप हाच वनस्पतीच्या जीवनमरणाचा प्रश्न होतो. रक्षक पेशींच्या भोवती बहुधा आणखी काही पेशी असतात, ज्यांचा आकार व मांडणी अपित्वचेच्या इतर पेशींहून वेगळी दिसते. त्यांना साहाय्यक पेशी म्हणतात. वर्गीकरणकारांचे सारे लक्ष गेली सव्वाशे वर्षे ज्यांवर खिळले आहे त्या याच.

इटलीतील मार्चेल्लो मालपिगी यांनी १६७५ मध्ये आणि इंग्लंडातील निहिमाया ग्रू यांनी १६८२ मध्ये वनस्पतींच्या अंतर्रचनेवर जे ग्रंथ लिहिले त्यांत पानावरील या छिद्रांचा उल्लेख आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी १८६६ मध्ये ही रंध्रे कोवळ्या पानात कशी घडत जातात याचा मागोवा घेतला. परंतु त्यांचा उपयोग कुलनिर्णयासाठी पद्धतशीरपणे करावा हे मांडले फ्रान्समधील जुलियँ व्हेस्क यांनी, आणि १८८९ मध्ये त्यांनी द्विदल वनस्पतींच्या रंध्रांचे चार मुख्य नमुने सांगितले. ते चारही नमुने उमरग्याच्या परसात व शेतात पाहावयास मिळतात. दोडक्याच्या किंवा कारल्याच्या पानावर रंध्राभोवतीच्या पेशी इतर पेशींहून वेगळ्या काढता येत नाहीत. मुळा, मोहरी व वांगे यांत रंध्राभोवती तीन पेशी असतात व त्यांतील एक ठळकपणे लहान असते. आलाच्या झाडाच्या, ज्याला काही लोक बारतोंडी म्हणतात त्याच्या, पानावर दोन साहाय्यक पेशी रंध्राच्या लांबीस समांतर पहुडलेल्या दिसतात. आणि तुळस व अडुळसा यांच्या पानावर त्याच दोन पेशी रंध्राला आडव्या, काटकोनात बसलेल्या असतात. व्हेस्क यांनी या नमुन्यांना मोरवेल, मोहरी, आल व कार्नेशन यांच्या कुलांची नावे दिली. त्या नामकरणात एक दोष होता. मोरवेलीच्या कुलाचे नाव ल्यालेले रंध्र दोडक्यावरही सापडते, आणि मग नाव ऐकणाराची अशी समजूत होते की दोडका व मोरवेल यांचे काही नाते असावे. केव येथील मेटकाफ आणि ऑक्सफर्डचे चॉक यांनी १९५० मध्ये द्विदल वनस्पतींच्या शारीररचनेवरील आपल्या ग्रंथात हा घोटाळा निस्तरला आणि त्या चार नमुन्यांना अनुक्रमे अ‍ॅनोमोसायटिक, अ‍ॅनायसोसायटिक, पॅरासायटिक व डायसायटिक ही केवळ पेशींच्या मांडणीवर आधारलेली नावे रूढ केली. आज आपल्याकडील बी.एस्सी.चा प्रत्येक विद्यार्थी तीच घोकतो.

आकाराबरोबर संख्येचाही विचार सुरू झाला, आणि येथे सोनामुखीचा प्रवेश होतो. सोनामुखीची पाने रेचक म्हणून जगभर खपत असत आणि बाजारात त्यांचे दोन प्रकार येत: सुदानातून अलेक्झांड्रियामार्गे येणारी एक व दक्षिणेकडील तिरुनेलवेली भागात पिकणारी हिंदी सोनामुखी दुसरी. अख्ख्या पानावरून सराईत व्यापारी दोन्ही ओळखी, परंतु पूड झाल्यावर सराईताचाही इलाज चालेना. त्यातच तरवडाची पाने सोनामुखीत मिसळण्याचा गैरप्रकार होता. तरवडाची साल कातडी कमावण्यास उत्तम म्हणून दख्खनभर प्रसिद्ध, परंतु पानांत सोनामुखीचा सारक गुण नाही. तेव्हा ही भेसळ रोग्यास अपायकारक नसली तरी औषध निष्फळ करणारी होती. १९२७ मध्ये टिमरमन यांनी रंध्रांची गणना करून औषधी पानांच्या जाती वेगळ्या ओळखता येतील काय याची परीक्षा केली, आणि त्याच वर्षी इंग्लंडातील एडवर्ड सॉल्झबरी यांनी रंध्रांच्या संख्येवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. पानाच्या एक चौरस मिलिमीटर जागेत किती रंध्रे आहेत एवढेच मोजले तर फसगत होते, हे त्यांनी दाखविले. कारण पान सावलीत वाढले, ओलाव्यात वाढले किंवा अजून कोवळे असले की पेशींचा विस्तार कमीअधिक होतो आणि तेवढ्यावरून संख्या बदलते. म्हणून त्यांनी रंध्रांची संख्या भागिले रंध्रे व अपित्वचेच्या इतर पेशी यांची बेरीज, गुणिले शंभर, असा रंध्र-निर्देशांक सुचविला. पेशी फुगली तरी रंध्रांचे इतर पेशींशी असलेले प्रमाण फारसे ढळत नाही, हे त्यामागील तत्त्व आहे.

हे तत्त्व पुढे औषधिपरीक्षकांनी सोनामुखीस लावले, तेव्हा सुदानी सोनामुखीचा निर्देशांक सुमारे बारा आणि हिंदी सोनामुखीचा सुमारे अठरा असा स्पष्ट फरक मिळाला. यापेक्षाही मनोरम लक्षण साहाय्यक पेशींत आढळले. दोन्हींची रंध्रे पॅरासायटिक, परंतु सुदानी पानात बहुतेक रंध्रांना दोनच साहाय्यक पेशी असतात, तर हिंदी पानात दोन साहाय्यक पेशींची रंध्रे व तीन साहाय्यक पेशींची रंध्रे यांचे प्रमाण साधारण सातास तीन असे पडते. चिमूटभर पुडीवरून माल कोठला हे सांगता येऊ लागले. तरवडाची ओळख पटविण्यास मात्र रंध्रांपेक्षा साधा उपाय हाती होता; त्याच्या पुडीवर तीव्र गंधकाम्ल टाकले की ती किरमिजी होते.

आता वर्गीकरणकाराच्या बाजूने पाहिले असता याच कथेस एक अनपेक्षित कलाटणी मिळते. ज्या दोन सोनामुखींना परीक्षक रंध्रांवरून इतक्या निश्चितपणे वेगळे काढीत होते त्या दोन स्वतंत्र जाती नसून एकच जात होय, असे मत केव येथील ब्रेनन यांनी १९५८ मध्ये मांडले आणि पुढे तेच मान्य झाले. फुले व शेंगा यांची तुलना केली तर मधल्या पायऱ्यांची झाडे इतकी सापडतात की सीमारेषा ओढता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग निर्देशांकांतील बारा व अठरा हा फरक खोटा होता काय? मुळीच नाही, तो मोजता येतो, पुनःपुन्हा मोजता येतो. परंतु फरक असणे वेगळे आणि तो फरक जातिभेदाचे प्रमाण मानणे वेगळे. निरनिराळ्या मुलखांत पिढ्यान्पिढ्या लागवड झालेल्या एकाच जातीच्या दोन वाणांतही असा फरक स्थिर होऊ शकतो. पर्णरंध्रांच्या साऱ्या शास्त्राचे बळ आणि मर्यादा या एका उदाहरणात सामावल्या आहेत असे आम्हांस वाटते, आणि ज्यांना हे शास्त्र शिकवावयाचे आहे त्यांनी आरंभ येथूनच करावा.

तरवडाच्या गोतावळ्याची पुढची हकीकतही याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तरवड, टाकळा, कासविंदा, बाहवा व चिमेड ही सारी, लिनीयसपासून चालत आलेल्या प्रघातानुसार, कॅसिया या एकाच प्रजातीत गणली जात. १९८२ मध्ये अर्विन व बार्नबी या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या प्रजातीची वाटणी केली. बाहवा कॅसियातच राहिला, तरवड, टाकळा व कासविंदा यांची रवानगी सेन्ना प्रजातीत झाली आणि चिमेड कॅमेक्रिस्टा या तिसऱ्या प्रजातीत गेली. ही वाटणी पुंकेसरांच्या तंतूंची वळणे, फुलाच्या देठावरील सहपत्रके आणि शेंग उकलण्याची रीत यांवर झाली. रंध्रे या निवाड्यात मुख्य साक्षीदार नव्हती, आणि असती तरी त्यांची साक्ष अपुरी पडली असती, कारण या गटात पॅरासायटिक नमुना इतका सर्वत्र पसरलेला आहे की त्यावरून कुलाचे गोत्र कळते, घर कळत नाही. आपल्या शेताच्या कडेला पावसाळ्यात उगवणारा टाकळा म्हणजे वस्तुतः दोन जाती आहेत, एक टोरा व दुसरी ऑब्ट्युसिफोलिया, आणि त्यांचा घोळ पुष्कळ वर्षे चालला. तो सुटतो तो फुलाच्या देठाच्या लांबीवरून, पर्णिकांमधील ग्रंथींच्या संख्येवरून आणि बियांवरील पट्ट्याच्या रुंदीवरून. अशा ठिकाणी रंध्रे मोजून निकाल देऊ पाहणारा अभ्यासक व्यर्थ श्रम करतो.

एकदल वनस्पतींत मात्र रंध्रांनी अधिक खोल प्रश्नांस हात घातला. काळ्या रानात ज्याचा उपद्रव शेतकऱ्यास चांगला ठाऊक आहे त्या केन्याच्या पानाचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर रक्षक पेशींच्या भोवती साहाय्यक पेशींच्या जोड्या एकीबाहेर एक अशा मांडलेल्या दिसतात. ज्वारीच्या पानात याउलट रक्षक पेशी मधे निमुळत्या व टोकांस फुगीर, डंबेलच्या आकाराच्या, आणि त्यांच्या दोन अंगांस त्रिकोणी छाटाच्या दोनच साहाय्यक पेशी असतात. १९६१ मध्ये स्टेबिन्स आणि मूळ पंजाबचे गुरदेव सिंग खुश यांनी अनेक एकदल कुलांतील रंध्रे तपासून असा सिद्धांत मांडला की पुष्कळ साहाय्यक पेशींची रचना आद्य असून दोन पेशींची अथवा त्या मुळीच नसण्याची रचना तिच्यापासून उत्क्रांत झाली. पुढे या सिद्धांतावर गंभीर आक्षेप आले. खुश यांचे नाव नंतर भाताच्या नव्या वाणांमुळे जगभर झाले, म्हणून त्यांचे हे तरुणपणीचे काम विस्मृतीत जाऊ नये.

भारतात या शाखेची दोन मोठी पीठे झाली. अलाहाबादेस दिव्यदर्शन पंत यांनी असे प्रतिपादन केले की पूर्ण वाढलेल्या रंध्राच्या केवळ दर्शनी रूपावर विसंबू नये. साहाय्यक पेशी ज्या मातृपेशीपासून रक्षक पेशी निघाल्या तिच्याच वंशातल्या आहेत, की शेजारच्या पेशींनी ती जागा घेतली आहे, हे कोवळ्या पानात पाहिले पाहिजे, कारण दिसण्यात सारखी असणारी दोन रंध्रे जन्माने अगदी भिन्न असू शकतात. १९६५ मधील त्यांच्या या विवेचनाने वर्गीकरणास वंशावळीची शिस्त लावली. गुजरातेत वल्लभ विद्यानगर येथे इनामदार आणि शाह यांनी व त्यांच्या शिष्यांनी कुलामागून कुले घेऊन रंध्रांच्या विकासाचा तपशील प्रसिद्ध केला. मराठवाड्यातही नाईक यांच्या विद्यापीठात मुसळीच्या प्रजातीतील जातींचा पानांच्या अंतर्रचनेच्या आधारे अभ्यास झाला. या प्रजातीतील जाती पानांच्या दर्शनी रूपावरून ओळखणे किती कठीण आहे हे पावसाळ्यात डोंगरउतारावर हिंडणारास सांगावयास नको.

या पीठांतून निघालेली परंपरा पुढे तालुक्याच्या ठिकाणी पोचली, आणि आमच्या मते या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. उमरग्याच्या श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालयासारख्या संस्थांतील अध्यापकास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अथवा जनुकांचा अनुक्रम वाचणारे यंत्र दिमतीस असणे शक्य नव्हते. रंध्रांच्या अभ्यासास मात्र लागते ते अगदी थोडे: ताजे पान, दाढीचे ब्लेड, चिमटा, सॅफ्रानिनचा रंग, ग्लिसरिनचा थेंब, काचपट्टी व एक साधा सूक्ष्मदर्शक, आणि चित्र काढण्यास कॅमेरा ल्युसिडा. पापुद्रा सुटत नसेल तर पानावर नखांना लावावयाचे रंगहीन पॉलिश पसरून, ते वाळल्यावर पारदर्शक चिकटपट्टीने उचलले की पानाच्या त्वचेचा हुबेहूब ठसा मिळतो. या स्वल्प सामग्रीवर आपल्या शिवारातील वनस्पतींचे मूळ संशोधन करता येते. हे काम एकसुरी होते, एकाच साच्याचे निबंध निघाले, अशी टीका होते, आणि तीत तथ्य आहे. परंतु ज्या प्रदेशाची वनस्पती-नोंदच १९७९ मध्ये झाली तेथे शेकडो विद्यार्थ्यांनी आपल्याच बांधावरच्या तणाचे पान सूक्ष्मदर्शकाखाली धरले, मोजले, रेखाटले, ही गोष्ट मोठी आहे, आणि राजधानीच्या प्रयोगशाळांत बसून तिचे मोल ठरविता येणार नाही.

टीका करावयाची तर ती पद्धतीवर करावी. एकाच पानावर दोनतीन नमुन्यांची रंध्रे सापडतात हे सोनामुखीवरून आपण पाहिलेच. तेव्हा एका झाडाच्या एका पानातील थोड्या रंध्रांवरून जातीचे लक्षण सांगणे धाडसाचे ठरते. वरच्या व खालच्या पृष्ठांचे आकडे वेगळे द्यावयास हवेत. रक्षक पेशींची लांबी गुणसूत्रांचे संच वाढले की बहुधा वाढते, म्हणून लांबीतील फरक जातीचा की संचांचा हे गुणसूत्रे पाहिल्यावाचून ठरत नाही. आणि सॉल्झबरींचा निर्देशांकही सर्वस्वी अढळ नाही. १९८७ मध्ये इंग्लंडातील वुडवर्ड यांनी जुन्या वनस्पतिसंग्रहांतील वाळलेली पाने तपासून दाखविले की औद्योगिक क्रांतीपासून हवेतील कर्बवायू वाढत गेला तशी पानांवरील रंध्रे कमी होत गेली. त्यामुळे १९२० च्या दशकातील पानाचा आकडा आजच्या पानाशी ताडून पाहताना काळाचा हिशेब धरणे भाग आहे.

साहाय्यक पेशी ही वर्गीकरणाची खूण म्हणून व्हेस्क यांनी हाती घेतली, तेव्हा त्या वनस्पतीस कशासाठी हव्या असतात याचा उलगडा झालेला नव्हता. तो गवतांच्या बाबतीत अलीकडे झाला. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने ब्रॅकिपोडियम या लहानशा गवतात म्यूट नावाच्या जनुकात बिघाड झालेली झाडे निवडून काढली. त्यांच्या रंध्रांस साहाय्यक पेशीच उत्पन्न झाल्या नव्हत्या. अशा झाडांची रंध्रे पुरेशी उघडेनात, उजेड व अंधार बदलला तरी त्यांची हालचाल मंद राही, आणि झाडांची वाढ खुंटली. निरोगी गवतात रक्षक पेशी फुगतात तेव्हा शेजारच्या साहाय्यक पेशी आकसून त्यांस जागा देतात, त्यामुळे दार झपाट्याने उघडते व तितक्याच झपाट्याने मिटते, आणि पाण्याचा अपव्यय टळतो. ज्वारीही याच गवतांच्या कुलातली असून तिच्या रंध्रांची घडण तीच आहे. म्हणून अवर्षणात टिकणारे ज्वारीचे वाण निवडताना दाण्याच्या व कडब्याच्या उताऱ्याबरोबर पानावरील या दोन त्रिकोणी पेशींच्या हालचालीचीही परीक्षा व्हावी, हे काम आता वर्गीकरणकाराच्या हातून कृषिशास्त्रज्ञाच्या हाती आले आहे.